मासा पांढरा काऊन पडला?

घरात फिशटँक आणला की मासे पाळणं हे दोन नंबरचं काम होऊन जातं, एक नंबरचं काम म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला उत्तरं देणं. आमचं गाव साकोलीकडचं, भंडारा जिल्हा, जिकडे वळाल तिकडे मामा तलाव, म्हणजे जुने माजी मालगुजारी तलाव, त्यामुळे मासा म्हटला की इथल्या माणसाच्या डोक्यात आधी रस्सा येतो आणि मग बाकी सगळं. तळ्यावर जाळं टाकणारा आमचा एक दोस्त टाकीपुढे उकिडवा बसला, गोल्डफिशला चांगला निरखून पाहिला आणि म्हणाला, "पोट चांगलं हाय, पन काटे लय निंगन याले."

म्हटलं, हा खायचा नाही.

"खाचा नाही? मंग पोसून कायले रायला बे?"

बरं ते एक वेळ चाललं असतं, पण थोड्याच दिवसांत दुसरा प्रश्न सुरू झाला, मासा पांढरा काऊन पडला. आणताना शेंदरी होता, आता असा पिवळट-फिकट, धुऊन धुऊन विटलेला. शेजारच्या काकूंनी बघताक्षणी कावीळ ठरवली आणि काविळीची माळ देणाऱ्या बाबाचा पत्तापण दिला, आता माशाला मानच नसते तर माळ घालायची कुठं हे काही त्यांनी सांगितलं नाही. मेव्हणा म्हणाला बोअरचं पाणी बाधलं. आई म्हणाली नजर लागली, लोकं कसे टक लावून पाहतात ना बाप्पा त्याच्याकडं.

मला मात्र नागपूरचं ते दुकान आठवून राहिलं होतं. एकाच जातीचे, एकाच मापाचे गोल्डफिश दोन टाक्यांत. एका टाकीतले 40 रुपये, दुसरीतले 80. चाळीसवाले फिके, ऐंशीवाले लालबुंद. फरक काय म्हणून विचारलं तर मालक म्हणे, "तो माल येगळा हाय सायेब, इम्पोर्टेड." आम्ही ऐंशीवाले आणले. घरी येऊन ते चाळीसवाले झाले.

मग मी बसलो वाचत, कारण गव्हाची कापणी झाली होती आणि दुसरं काही काम नव्हतं. तर भानगड अशी की ऐंशीवाल्या टाकीवर गुलाबी ट्यूबलाइट होती आणि मागच्या काचेला काळा कागद. गुलाबी ट्यूबमध्ये लाल उजेड जास्त, त्यामुळे लाल मासा आणखी लाल दिसणारच, तिच्याखाली मी उभा राहिलो असतो तर मीसुद्धा इम्पोर्टेड दिसलो असतो. आणि काळा कागद हा नुसता शोभेचा नसतो. माशाच्या कातडीत रंगाच्या पेशी असतात, त्यांच्यात रंगाचे बारीक कण, ते कण पेशीभर पसरले की मासा गडद, मधोमध गोळा झाले की फिका. आजूबाजूला सगळं पांढरंशुभ्र असलं, खाली वाळू नाही, चारही बाजूंनी उजेड, की मासा काही मिनिटांत कण आवरून घेतो, उगाच उठून दिसायला नको म्हणून. घाबरला तरी बहुतेक मासे असेच फिके पडतात. आणि आठवडेच्या आठवडे अशा टाकीत काढले तर काळ्या पेशीच कमी होऊन जातात, मग तो फिकेपणा लवकर जात नाही.

त्यात प्रवास. हे मासे बहुतेक कोलकात्याकडून नाहीतर चेन्नईच्या कोळत्तूरकडून येतात, निघायच्या आधी पाणी घाण होऊ नये म्हणून उपाशी ठेवलेले, ऑक्सिजन भरलेल्या पन्नीत, पन्नी थर्माकोलच्या डब्यात, डबा अंधारात. उतरल्यावर कोणाचा चेहरा ताजा राहीन? "गाडीचा थकवा हाय सायेब, दोन दिसात रंग मारते" हे त्या मालकाच्या तोंडून मी ऐकलेलं एकमेव खरं वाक्य.

पोरीच्या छोट्या टाकीत निऑन टेट्रा आहेत, ॲमेझॉनच्या खोऱ्यातला मासा, शास्त्रज्ञांनी त्याला नाव दिलं 1936 साली. एका रात्री ती पाणी प्यायला उठली, टाकीवर बॅटरी मारली आणि जी बोंबलली की अख्खी आळी जागी. निळी पट्टी विझलेली, लाल पट्टी गायब, मासे राखेच्या रंगाचे, पण पोहत होते मजेत. आईने तेवढ्या रात्री मीठ-मोहरी-मिरच्या घेऊन टाकीवरून ओवाळल्या, मिरच्या चुलीत टाकल्या, सगळे खोकत अंगणात. तोवर कोणीतरी टाकीवरचा बल्ब लावलेला होता आणि आम्ही खोकून आत येईपर्यंत रंग परत! आता निऑन अंधारात रोजच रंग मिटवतो, शत्रूला दिसू नये म्हणून, आणि उजेड मिळाला की थोड्या वेळात परत उघडतो, त्याचा तो निळा तर खरा रंगही नाही, कातडीतल्या ग्वानिन नावाच्या द्रव्याच्या बारीक चकत्यांवरून उजेड परततो तो निळा दिसतो. हे मी आईला सांगितलं. आई म्हणाली, "हो का? मंग मिरचीचा ठसका काऊन नाही लागला तुले, नजर होती म्हून." मला ठसका लागलाच होता, पण जाऊ द्या.

मेव्हण्याची गंमत वेगळी. त्याने जांभळा पॅरट नावाचा मासा आणला, आमच्या फिक्या गोल्डफिशला हसून घेतलं आणि काही महिन्यांत त्याचा मासा ठिगळाठिगळाने पिवळा पडायला लागला. हे मासे जन्मतः जांभळे नसतातच, सुईने टोचून किंवा अंगावरचा बुळबुळीत थर काढून रंगात बुडवून केलेले असतात. आपल्याच देशातल्या नद्या-तळ्यांत एक आरपार दिसणारा मासा असतो, ज्याचा काटा न् काटा बाहेरून मोजता येतो, त्यालापण असेच गुलाबी-हिरवे पट्टे टोचून विकतात. कितीतरी मासे त्यात मरतात, उरले त्यांचा रंग उतरतो. पोळ्याला आपण बैलाची शिंगं रंगवतो तसं म्हणावं तर बैलाला निदान पुरणपोळीचा घास भेटतो.

गोल्डफिशसाठी मात्र उपाय सापडला, आणि तो आमच्याच तळ्यात होता. लाल-केशरी रंगाचा कच्चा माल माशाला स्वतःच्या अंगात तयार करता येत नाही, तो खाण्यातूनच यावा लागतो, शेवाळातून, झिंग्यातून. झिंगा शिजवला की लाल होतो ना, तो रंग आधीपासूनच त्यात असतो, उष्णतेने मोकळा होतो इतकंच. दुकानातलं स्वस्त खाद्य संपवलं आणि उकडलेले झिंगे बारीक करून टाकायला लागलो, टाकीला मागून काळा कागदपण लावला. बायको तव्यावरून बघत होती.

"सोलून देऊ का त्याले? लिंबू पिळू?"

रंग चढला, पण ऐंशीवाला नाही, साठवर थांबला. बाकीच्या वीसमध्ये ऊन आहे. मे महिन्यात इथं 45 डिग्री, गोल्डफिशला 20च्या आसपास बरं वाटतं, आणि पाणी तापलं की त्यात ऑक्सिजनही कमी विरघळतो. टाकीत बर्फाची बाटली सोडतो, ती बाटली पाहुणे काढून पितात.

परवा पोरीला सोबती मासा घ्यायला परत त्याच दुकानात गेलो. म्हटलं, दादा, ती गुलाबी ट्यूब जरा बंद करता का, मासा पाहायचा आहे. मालक म्हणे, "थे बंद नाही होत सायेब, डायरेक्ट हाय." वाद घालणार तेवढ्यात लाइटच गेली. पंखा बंद, ट्यूब बंद, दारातून येणाऱ्या उन्हात सगळे चाळीसवाले आणि ऐंशीवाले एकाच रंगाचे. मालक इन्व्हर्टरकडे पळाला. मी पोरीला म्हटलं, "पाह्य लवकर, आत्ताच निवडून घे."