विंडोज ११ घेऊ नका म्हणणाऱ्या त्या मेसेजबद्दल

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला चार ग्रुपवर आलाय, बिल्डिंगच्या, माहेरच्या, शाळेच्या बॅचच्या आणि क्लासच्या मुलींच्या. मेसेज असा की विंडोज ११ म्हणजे विंडोज १० ला नुसता रंग मारलाय, चुकूनही अपग्रेड करू नका, कॉम्प्युटर स्लो होतो, फायली उडतात, मराठी फॉन्ट जातात, तुमच्या स्क्रीनचे फोटो काढून कंपनीला पाठवले जातात, हा सगळा नवीन मशीन विकायचा डाव आहे, विंडोज १० ला काहीही होत नाही, चांगला अँटिव्हायरस टाका आणि निवांत दहा वर्षं वापरा. खाली नेहमीप्रमाणे "जास्तीत जास्त लोकांना पाठवा".

मी कॉम्प्युटरचे क्लास घेते आणि दादर ते भांडुप पट्ट्यातल्या आठ-दहा छोट्या ऑफिसांची मशीन बघते, म्हणजे दोन सीए, एक दवाखाना, एक प्रेस, बाकी दुकानं. हा मेसेज वाचून त्यातल्या दोघांनी ठरलेलं अपग्रेड कॅन्सल केलं, आणि त्यातला एक जण दवाखान्याचा आहे, पेशंटचे रिपोर्ट त्याच मशीनवर असतात. म्हणून बसून लिहितेय.

सगळ्यात घातक वाक्य शेवटचं आहे म्हणून सुरुवात तिथूनच. "विंडोज १० ला काहीही होत नाही." मशीन चालू होतं, टॅली उघडतं, प्रिंट निघते, हे खरंच आहे. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, म्हणजे आता त्यात सापडणारी सुरक्षेतली नवीन भोकं फुकटात आपोआप बुजवली जात नाहीत. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी मायक्रोसॉफ्ट पॅच, म्हणजे भोकं बुजवणारं ठिगळ, काढतं, आपल्याकडे तो मंगळवारी रात्री उशिरा नाहीतर बुधवारी येतो. आता गंमत नाही, धोका असा आहे की १० आणि ११ चा आतला बराच कोड सारखा आहे. ११ साठी पॅच निघाला की वाईट हेतूची माणसं तो उघडून बघतात, काय बदललं, कुठे भोक होतं, आणि तेच भोक १० मध्ये उघडं असेल तर त्यांना आयता पत्ता मिळतो. दर महिन्याला असे पत्ते वाढत जाणार.

आणि अँटिव्हायरसचं म्हणाल तर तो सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन आहे. येणाऱ्याची पिशवी तपासतो, रजिस्टरमध्ये नाव लिहायला लावतो, चांगलं काम करतो. पण मागची कंपाउंडची भिंत पडली असेल तर ती बांधायचं काम त्याचं नाही. पॅच म्हणजे ती भिंत.

२०१७ आठवा. वॉनाक्राय नावाच्या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने मे महिन्यात जगभर हॉस्पिटलं, कारखाने बंद पाडले, आणि ज्या भोकातून ते पसरलं त्याचा पॅच मार्चमध्येच आलेला होता. ज्यांनी टाकला ते वाचले. जुन्या विंडोज एक्सपीचा सपोर्ट २०१४ लाच संपलेला, त्यामुळे एक्सपीवाल्यांना सगळ्यांसाठीचा पॅच मिळाला तो हल्ला झाल्यानंतर. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या नावाचा दुसरा व्हायरस आला, त्यानेही बाकी वाटांबरोबर तेच भोक वापरलं, आणि आपल्या इथे न्हावाशेव्याला जेएनपीटी बंदरात मर्स्क या जहाज कंपनीकडे असलेल्या टर्मिनलचं काम ठप्प झालं. परदेशातल्या बातम्या आहेत, आपलं काय, असं म्हणणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं, समुद्रापलीकडे अर्ध्या तासावर घडलेली गोष्ट आहे.

दहा वर्षं तर सोडाच, बाकीचे प्रोग्रामही तेवढे थांबत नाहीत. विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० ला संपला आणि २०२३ च्या सुरुवातीला क्रोमने ७ ला नवीन व्हर्जन देणं बंद केलं. मग बँकेच्या साइट कुरकुर करायला लागल्या की लोक मला फोन करतात.

"नुसता रंग मारलाय." यात थोडं तथ्य आहे आणि ते मी नाकारणार नाही. ११ च्या आत आजही व्हर्जन नंबर १०.० असाच लिहिलेला आहे. फक्त नवीन रूपासाठी अपग्रेड करा असं मी कुणालाही सांगणार नाही, उलट त्या रूपातल्या काही गोष्टी मला आवडलेल्याच नाहीत, राइट क्लिक केल्यावर निम्मे पर्याय "शो मोअर ऑप्शन्स"च्या मागे ढकललेत ते तर अजून खटकतं, दिवसातून शंभर वेळा राइट क्लिक करणाऱ्याला ती एक जास्तीची क्लिक जाणवतेच. शिफ्ट दाबून राइट क्लिक केलं की जुना मेनू थेट येतो. स्टार्ट बटण मधे गेलंय ते टास्कबारच्या सेटिंगमध्ये जाऊन परत डावीकडे आणता येतं, दहा सेकंदांचं काम. खरा फरक खाली आहे, ११ ला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूटची सोय असलेलं मशीन लागतं, म्हणजे किल्ल्या ठेवायला वेगळी तिजोरी आणि विंडोज सुरू व्हायच्या आधीच कुणी घुसू नये म्हणून तपासणी. ते डोळ्यांना दिसत नाही म्हणून रंग वाटतो.

"स्लो होतो." कशावर टाकताय त्यावर आहे. जुनी फिरणारी हार्डडिस्क आणि ४ जीबी रॅम असेल तर स्लो होणारच, कागदावर ४ जीबी चालतं असं लिहिलंय तरी. पण अशा मशीनवर १० पण रडतच होतं, सकाळी बटण दाबून लोक चहा घेऊन यायचे. आधी एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसवा, रॅम ८ करा, मग ११ टाका.

फायली उडतात हे धादांत खोटं. विंडोज अपडेटमधून केलेल्या अपग्रेडमध्ये फायली आणि प्रोग्राम जागेवर राहतात, आणि नाही आवडलं तर दहा दिवसांच्या आत सेटिंगमधून परत १० वर जाता येतं. तरी बॅकअप घ्याच, मधेच लाइट गेली तर कुठलंही अपग्रेड अडकू शकतं.

आता मराठी फॉन्ट. हे वाचून सगळ्यात जास्त घाबरले ते प्रभादेवीचे आमचे प्रेसवाले काका, आणि ते घाबरणं साहजिक होतं, पंचवीस वर्षांच्या लग्नपत्रिका, वास्तुशांतीची आमंत्रणं, मंडळांच्या पावत्या, सगळं जुन्या फॉन्टमध्ये आहे, युनिकोडमध्ये, म्हणजे हल्लीच्या कुठल्याही मशीनवर दिसणाऱ्या पद्धतीत, नाही. शिवाय मशीन सांगत होतं की ११ चालणारच नाही. मी जाऊन बघितलं तर प्रोसेसर इंटेलचा आठव्या जनरेशनचा, म्हणजे चालणारा, फक्त बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, टीपीएम (ती वर म्हटलेली तिजोरी) बंद होता. इंटेलच्या बोर्डवर त्याला पीटीटी म्हणतात, एएमडीवर एफटीपीएम. तो चालू केला, परत तपासलं, झालं पात्र. (बायोसला हात लावायच्या आधी बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी सोय, चालू आहे का बघा, असेल तर रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या, आणि जुन्या लेगसी पद्धतीने टाकलेली विंडोज असेल तर डिस्क कन्व्हर्ट न करता यूईएफआयवर, म्हणजे मशीन सुरू करायच्या नव्या पद्धतीवर, जाऊ नका, मशीन सुरूच होणार नाही.)

साधारण दीड तासात अपग्रेड झालं. काकांनी सगळ्यात आधी एक जुनी पत्रिका उघडली, "श्री गजानन प्रसन्न"वर झूम केलं आणि श्र ची गाठ, प्र चा तिरका पाय एकेक करून बघितला. सगळं जसंच्या तसं. फॉन्ट ही साधी फाइल असते, विंडोज बदलली म्हणून ती जात नाही. अडलं ते दुसरीकडे, टायपिंगच्या सॉफ्टवेअरचं यूएसबी डोंगल, म्हणजे लावल्याशिवाय ते सॉफ्टवेअर चालत नाही अशी चावी. त्याचा लाल दिवा लागेना, ड्रायव्हर फार जुना होता, विकणाऱ्यांकडून नवीन मागवून टाकेपर्यंत अर्धा दिवस गेला आणि एक साखरपुड्याची ऑर्डर संध्याकाळवर ढकलावी लागली. तेव्हा ज्यांचं काम डोंगलवर आहे त्यांनी आधी ड्रायव्हर मिळतोय का ते विचारा आणि मगच करा, आणि लग्नसराईत तर करूच नका. साधं युनिकोड मराठी टाइप करणाऱ्यांना कसलीच अडचण नाही, विंडोज १० मध्ये २०१९ ला आलेला मराठी फोनेटिक कीबोर्ड ११ मध्ये पण आहे.

स्क्रीनचे फोटो म्हणजे रिकॉल, तुम्ही काय करत होता ते नंतर शोधता यावं म्हणून स्क्रीनचे फोटो काढून ठेवणारी सोय. मे २०२४ ला जाहीर झालं तेव्हा जगभरातून टीका झाली, आणि ती बरोबर होती, म्हणून कंपनीने ते पुढे ढकललं आणि बदललं. पण ते फक्त कोपायलट प्लस म्हणून विकल्या जाणाऱ्या, एनपीयूवाल्या (एआयच्या कामासाठी वेगळी चिप असलेल्या) नव्या मशीनवर येतं, तुम्ही स्वतः चालू केल्याशिवाय चालू होत नाही आणि फोटो मशीनवरच राहतात. तुमच्या २०१९ च्या लॅपटॉपवर ते येणारच नाही. बाकी वापराची माहिती कंपनीला जाते हे खरं, ती १० मधूनही जायची, दोन्हीकडे प्रायव्हसीच्या सेटिंगमधून कमी करता येते. आणि हो, नव्याने ११ होम टाकताना मायक्रोसॉफ्ट अकाउंट मागतात ते मलाही पटत नाही, पण १० वरून अपग्रेड करताना तुमचं लोकल अकाउंट तसंच राहतं.

राहिला नवीन मशीन विकायचा डाव. सहाव्या-सातव्या जनरेशनची धडधाकट मशीन बहुतेक सगळी यादीबाहेर ठेवली, याचा मलाही राग आहे, लोकांनी हप्ते भरून घेतलीत ती. पण म्हणून सरळ दुकानात जायची गरज नाही. विंडोज १० ला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट वाढवून मिळतात, त्यासाठी मायक्रोसॉफ्ट अकाउंट लागतंच, सेटिंगचा बॅकअप चालू ठेवला तर फुकट, नाहीतर ३० डॉलर. सेटिंगमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर एनरोलची लिंक दिसते, फक्त तुमचं १० हे २२एच२, म्हणजे त्याचं शेवटचं व्हर्जन, असायला हवं. ज्यांचं काम ब्राउझरमध्येच चालतं त्यांना मी विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी सिस्टीम टाकून देते, दोन दुकानं त्यावर व्यवस्थित चालतायत.

प्रेसमध्ये काकांचं दुसरं एक मशीन आहे, तिसऱ्या जनरेशनचं, त्यावर फक्त जुन्या पत्रिकांचे साचे आहेत. त्यावर विंडोज १० च ठेवलंय. नेटची वायर काढून टाकली, वायफाय बंद केलं, आणि पेनड्राइव्ह लावायचा तो आधी ११ वाल्या मशीनवर स्कॅन करूनच, असं काकांनी स्वतःच्या हाताने पुठ्ठ्यावर लिहून मॉनिटरला चिकटवलंय.