व्ही गेला, व्ही गेली आणि माझा रविवार गेला

पाच रात्री. सेकंड शिफ्ट संपवून अंबडहून साडेबाराला घरी यायचं, आईने झाकून ठेवलेलं गार जेवायचं आणि दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइलवर जुने भाग उकरत बसायचं. कशासाठी, तर रविवारी नाशकात मखमलाबाद रोडला मिसळ खाताना चार मित्रांना पाच मिनिटं एक गोष्ट समजावून सांगता यावी म्हणून. तीन तास बसलो होतो आम्ही तिथे. मला पाच मिनिटं मिळाली नाहीत.

आम्ही ‘ऑर्डर ऑफ द स्टिक’ नावाचं इंग्रजी वेबकॉमिक वाचतो. वाचतो म्हणजे मी वाचतो, बाकीचे त्यावर बोलतात. रिच बर्लू नावाचा माणूस २००३ पासून ही काड्यांच्या हातापायांची माणसं काढून नेटवर फुकट टाकतोय. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या नियमांची टर उडवता उडवता गोष्ट अशी काही वाढली की भागांनी हजाराचा आकडा कधीच ओलांडला. नवा भाग कधी येईल याचा नेम नाही. २०१२ मध्ये त्याने पुस्तकं पुन्हा छापायला वाचकांकडे पैसे मागितले, तर साडेबारा लाख डॉलर जमले. त्याच वर्षी बिचाऱ्याच्या अंगठ्याला मोठी जखम झाली आणि चित्रंच थांबली. मग वाचकांनी करायचं काय? तर्क लढवायचे. त्याला माझी ना नाही, मी स्वतः तेच करतो. पण बाबांनो, आधी वाचा तरी!

तर त्यात एक प्राणी आहे. झायकॉन नावाचा मेलेला जादूगार त्याला कायम अंधारात लपवून ठेवतो. का, तर योग्य वेळी धाडकन समोर आणून सगळ्यांची तंतरवायची म्हणून. कधी पेटीत, कधी छत्रीखाली. आपल्याला दिसतात फक्त पिवळे डोळे. बोलतो लहान पोरासारखा, पाय आपटला की जमीन हादरते, आणि एकदा त्याने दोघांना वाचवायचं मनात आणलं तर ते दोघं जागच्या जागी गायब होऊन भलतीकडेच पोचले. कोण आहे हा? वर्षानुवर्षं लोक डोकं खाजवतायत. मी त्याचा प्रत्येक प्रसंग शोधून, क्रमाने लावून, एका कागदावर उतरवून नेला होता. चक्क प्रिंट काढली, दोन्ही बाजूंनी.

कागद उघडला तर पम्या म्हणतो, “ड्रॅगन आहे तो. विषय संपला.” पम्याने एकूण दोनशे भागही वाचलेले नाहीत. ड्रॅगनला कोणी छत्री देतं का रे? पण पम्याला पुरावा लागत नाही, पाव लागतो. पापडाचा तुकडा मोडून रश्शात बुडवत त्याने निकाल दिला आणि वाटीतल्या तर्रीकडे वळला.

मी सोडलं नाही. म्हटलं, “ऐक, ज्या वेळी त्याने त्या योद्ध्याला, ओ-चुलला वाचवलं आणि सोबत व्ही गेला...”

“गेला?” रुची. “गेला कशावरून?”

खलास.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. व्ही म्हणजे व्हारसूव्हियस, जांभळ्या केसांचं एल्फ जादूगार पात्र, आणि ते बाई आहे की पुरुष हे लेखकाने मुद्दाम कधीच सांगितलेलं नाही. इंग्रजीत हे झाकून नेता येतं, वाक्य फिरवलं की झालं. मराठीत झाकून दाखवा! ‘व्ही गेला’ म्हणा, ‘व्ही गेली’ म्हणा, क्रियापद तोंडातून बाहेर पडलं की तुम्ही एका पार्टीत गेलात. मंदार म्हणाला ‘गेलं’ म्हणू. रुची म्हणाली, एवढा मोठा जादूगार काय पाळण्यातलं बाळ आहे? मग मानार्थी ‘गेले’. तर त्यावर अव्या म्हणतो, ‘ते गेले’ म्हटलं की वारल्यासारखं वाटतं. शिवाय बाई असतील तर ‘त्या गेल्या’ होणार, म्हणजे घोडं पुन्हा तिथेच. पाऊण तास! आणि खरं सांगतो, एवढा भाग मला आवडला. निदान कॉमिकवर तरी होता.

पण मंदारला कुठे थांबायचं कळत नाही. “पुरुष की बाई याने काय फरक पडतो, ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती पुरुषानेच केली होती की!” हो, केली होती. १९१३. अण्णा साळुंके. आणि ‘लंकादहन’मध्ये तर राम आणि सीता दोन्ही त्यांनीच केले. माहितीये मला! नाशकात राहून फाळके त्र्यंबकचे हे कोणाला माहीत नसतं? पण तिथून फाळके स्मारक, तिथून पांडवलेणी, तिथून हायवे, हायवेवरून थेट द्वारका. आणि नाशिककराच्या तोंडी एकदा द्वारका सर्कल आलं की जसा तिथे गाडीवाला अडकतो तसा बोलणाराही अडकतो. मग २०२७ चा कुंभमेळा, मग त्यासाठी तपोवनातली झाडं तोडायची की नाही, मग कोणाच्या तरी मामाची रस्त्यात जाणारी जागा. झाडांचा विषय हलका नाही, मला मान्य आहे. पण मग सरळ म्हणा ना की रविवारी कुंभमेळ्यावर बसू. मला कागद घेऊन कशाला बोलावता?

तरी मी एकदा गाडी रुळावर आणली. पाव आणायला वेटर आला, सगळे गप्प झाले, तेवढ्यात घुसलो. म्हटलं, व्हीच्या लिंगाचा पत्ता घरच्यांकडूनही लागत नाही बघा, कारण जोडीदाराचंही तेच गूढ आहे आणि पोरं दोघांनाही आई-बाबा म्हणत नाहीत, नुसतं पालक म्हणतात.

“पालक?” अव्या. “अरे, पालकाची जुडी काय झालीये बघितलीस का?”

पालकावरून मेथी, मेथीवरून कोथिंबीर, कोथिंबिरीवरून लासलगाव. लासलगावला पालेभाजीचं काय काम? पण कांदा आल्याशिवाय आमच्याकडे कुठलीही बैठक उठत नाही. अव्याच्या काकांनी चाळीत कांदा ठेवला, भाव येईल म्हणून थांबले, निम्मा सडला. हे मी यंदा चौथ्यांदा ऐकलं. काकांबद्दल वाईट वाटतं, पण चौथ्यांदा तेवढं वाटत नाही हो.

सगळ्यात डोकं कशाने फिरलं माहितीये? बिल देऊन बाहेर पडलो, गाडीला किक मारली, आणि पम्या मागून ओरडतो, “अरे, तू काहीतरी सांगणार होतास ना?” पार्किंगमध्ये! हेल्मेट घातल्यावर! मी म्हटलं, काही नाही. तर म्हणे, “जाऊ दे, ड्रॅगनच आहे तो.”

घरी येऊन खिशातला कागद काढला. कोणीतरी तर्रीची वाटी त्यावर ठेवली होती. बरोबर छत्रीच्या नोंदीवर लालभडक गोल उमटलाय आणि खालच्या चार ओळी तेलात गेल्या आहेत. आत्ता ग्रुपवर मंदारचा मेसेज आला: पुढचा रविवार गंगापूर रोड, तिथे जिलेबी चांगली मिळते, आणि ते छत्रीवालं प्रकरण एकदाचं संपवू. खाली रुचीने विचारलंय, गंगापूर रोडला पार्किंग मिळेल का. त्यावर आतापर्यंत सव्वीस मेसेज झालेत.