मासा कुणी खाल्ला?

रविवारी दुपारी घरच्यांना 'प्लेटाइम' हा फ्रेंच सिनेमा दाखवायची अवदसा मला आठवली. "विनोदी आहे," एवढंच सांगितलं आणि तिथंच फसलो. विनोदी म्हटल्यावर आमच्याकडे पाच मिनिटांच्या आत कुणीतरी धपकन पडावं लागतं.

पडद्यावर करडी, लखलखीत लॉबी. दोन नन्स चालतायत, कोपऱ्यात एक जोडपं कुजबुजतंय.

"कोण आजारी आहे?" आई.

"अगं, विमानतळ आहे तो!"

"मग दवाखान्यासारखा का बांधलाय?"

दिग्दर्शक जाक तातीची सगळी तक्रार हीच आहे, पण मी तेव्हा आईवरच वैतागलो.

मग तो कॉरिडॉर. पार पलीकडच्या टोकाहून साहेब बूट वाजवत येतोय. सिनेमाचा नायक युलो उठायला जातो, म्हातारा शिपाई त्याला पुन्हा खाली बसवतो. बाबांना डुलकी लागली. जागे झाले तेव्हाही साहेब येतच होता.

घाबरून मी समालोचन सुरू केलं. "डावीकडे बघा! आता दारात बघा, काचेत आयफेल टॉवर!" तातीनं 1967 साली हे 70 एमएमच्या रुंद फिल्मवर काढलं, क्लोजअप जवळजवळ टाळले, कुठे बघायचं ते ज्याचं त्याच्यावर सोडलं. पॅरिसच्या वेशीवर काचा-पोलादाचं खोटं शहर उभारलं आणि त्यापायी बिचारा कर्जात बुडाला. आणि मी 32 इंची टीव्हीपुढे उभा राहून बोटं नाचवत होतो.

"तू बाजूला झालास तर दिसेल," आत्या म्हणाली.

बसलो. नव्या हॉटेलची पहिलीच रात्र. फरशी उखडून बुटाला चिकटते, खुर्च्यांवरचे मुकुट गिऱ्हाइकांच्या पाठीवर उमटतात. काचेचं दार फुटतं, तर दरवान दाराची नुसती मूठ हवेत धरून अदबीनं 'दार' उघडत राहतो. बाबा खुदकन हसले. "आमच्या खात्यात असे तिघे होते."

आई माशापाशीच अडकली. एक वेटर येऊन माशाला मीठ-मिरी, सॉस चोपडून जातो. दुसरा येतो, पुन्हा तेच. वाढत कुणीच नाही. "अरे मेल्या, खारट केलास की तो!" आई मालवणची, तिला हा विनोद नव्हताच.

शेवटी आत्या म्हणाली, "सुरुवातीला विमानतळावर ज्याची छत्री पडली ना, तो हा युलो नव्हे. दुसराच कुणी, तसाच रेनकोट घातलेला."

चार वेळा पाहिलाय मी हा सिनेमा. मुकाट्यानं मागे घेतला. दुसराच होता.

"मागे घेतोच आहेस," आई म्हणाली, "तर त्या माशापाशी थांबव जरा. कुणी खाल्ला ते बघायचंय."