मराठी बंद करून इंग्लिश पक्कं होत नसतं

"घरात मुलांशी मराठी बोलू नका, दोन भाषांनी मेंदूत वाक्यरचनेचा गोंधळ होतो. सात वर्षांनंतर मेंदू नवीन व्याकरण घेतच नाही. उशिरा शिकलेली भाषा मेंदू नुसती भाषांतर करून समजतो." हा मेसेज इंदूरच्या आपल्या सगळ्या ग्रुप्सवर फिरतोय आणि आता वहिनीने तो वाचून माझ्या चार वर्षांच्या भाच्याशी मराठी बोलणंच सोडलंय, म्हणून लिहितेय.

सगळ्यात घातक ते गोंधळाचं. हाच मुलगा परवा म्हणाला, "आजी, माझं खेळणं टूटलं." लगेच सगळे, बघा, मिक्स करतो! अहो, नीट ऐका ना. धातू हिंदीतला उचललाय पण प्रत्यय मराठी, आणि हिंदीत नपुंसकलिंग नाहीच तरी 'माझं' आणि 'टूटलं' दोन्ही खेळण्याशी बरोब्बर जुळवलंय. शब्द उसना आहे, वाक्याची घडण शंभर टक्के मराठी. दोन भाषांत वाढणारी मुलं बोलायचे टप्पे साधारण एकाच भाषेत वाढणाऱ्या मुलांच्या वयातच गाठतात, एकेका भाषेतले शब्द सुरुवातीला थोडे कमी असू शकतात, एवढंच. आणि मराठीच्या जागी देताय काय, तर "बेटा कम, हँड वॉश कर"? याच्यातून कुठलं व्याकरण शिकणार तो?

सात वर्षांचं म्हणाल तर हार्टशोर्न, टेनेनबाऊम आणि पिंकर यांचा २०१८ चा अभ्यास बघा, जवळपास ६.७ लाख लोकांची इंग्लिश व्याकरणाची ऑनलाइन चाचणी घेतली होती. व्याकरण शिकायची क्षमता साधारण १७.४ वर्षांपर्यंत टिकते असं निघालं. हां, अगदी मातृभाषेसारखं यायला हवं तर दहा-बारा वर्षांच्या आत सुरुवात करावी हेही त्यात आहे, ते मान्य. पण लवकर सुरू करा म्हणजे मराठी सोडा, हे कुठनं आलं?

भाषांतराचा मुद्दा तर सोडूनच द्या. वाक्याची रचना चुकली की साधारण ६०० मिलिसेकंदांनी मेंदूत एक विद्युत लहर उठते, पी-६०० म्हणतात तिला. २००२ मध्ये फ्रिडरिची यांच्या टीमने मोठ्या माणसांना ब्रोकान्टो नावाची एक छोटी बनवलेली भाषा शिकवली, ती पक्की झाल्यावर चुकीच्या वाक्याला त्यांच्या मेंदूतही ही लहर दिसली, म्हणजे उशिरा शिकलेल्या भाषेची रचनाही मेंदू थेट पकडतो, नुसतं भाषांतर करत बसत नाही.

वहिनी, इंग्लिश त्याला शाळेत मिळतंयच, घरी तू मराठीच बोल. आणि ज्यांचं मूल या वयातही कुठल्याच भाषेत वाक्य जोडत नाहीये त्यांनी सरळ स्पीच थेरपिस्टला दाखवा, मराठी बंद करून महिने घालवू नका.