भोकांची डिस्क लावली म्हणून पसरणी घाट सोपा होत नाही

साताऱ्यातल्या गाडीवाल्यांत एक सल्ला सध्या जोरात फिरतोय: 'घाटात गाडी नेता ना? मग कंपनीच्या साध्या डिस्क काढा, भोकांच्या डिस्क आणि सिरॅमिक पॅड टाका. गाडी निम्म्या अंतरात थांबते, ब्रेक कधीच फेल होत नाही. आणि पॅड बदलले की डिस्कही बदलायचीच.' (डिस्क म्हणजे चाकासोबत फिरणारी ब्रेकची लोखंडी चकती; तिला दोन्ही बाजूंनी आवळून गाडी थांबवतात ते पॅड.) चार दावे आहेत, आणि चारही लंगडे.

निम्म्या अंतराचं आधी. ब्रेक कचकन दाबला की पायाखाली थरथर होते, ती एबीएसची, म्हणजे चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची. तिचा अर्थच हा की ब्रेकचा जोर टायरच्या पकडीपेक्षा जास्त झालाय. चाक जाम करण्याइतका जोर साध्या डिस्कमध्येही असतो. पुढचं अंतर टायर आणि रस्ता ठरवतात. गुळगुळीत झालेल्या टायरवर पावसात यवतेश्वरचा घाट उतरणाऱ्याला कुठलीच डिस्क वाचवणार नाही.

भोकांचं मूळ कारण वेगळंच आहे. जुन्या पॅडमधला चिकट माल तापला की वायू सुटायचा, तो पॅड आणि डिस्कच्या मध्ये अडकायचा. त्याला वाट म्हणून भोकं. आजच्या पॅडना हा त्रास फारसा नाही. उलट भोकांमुळे डिस्कमधलं लोखंड कमी होतं आणि पातळ तव्यासारखी ती लवकर तापते. तापणं-निवणं सतत चाललं की पहिली चीर भोकाच्या कडेलाच जाते. पावसात पाणी जरा लवकर निघतं, तेवढं मान्य. महागड्या स्पोर्ट्स गाड्यांना भोकं असतात हेही खरं, पण त्यांच्या डिस्क मोठ्या आणि त्या गाडीसाठीच घडवलेल्या असतात. स्वस्तातल्या डिस्कला ड्रिल मारून ती गाडी तयार होत नाही.

आता 'फेल होत नाही' हे वाक्य. सगळ्यात धोकादायक हेच. पसरणी घाटाने पाचगणीहून वाईला येताना आपण सुमारे ५५० मीटर खाली उतरतो. माणसांसकट १३०० किलोची गाडी धरली, तर ती उतरताना सुटणारी ऊर्जा ताशी ८० वरून गाडी वीसेक वेळा पूर्ण थांबवण्याइतकी भरते. गाडी न्यूट्रलमध्ये सोडलीत तर यातला बहुतेक भार ब्रेकवरच. आंबेनळी घाटात तर उतार याहून कितीतरी लांब.

या उष्णतेने ब्रेक दोन तऱ्हांनी जातो. पॅडल घट्ट लागतं पण गाडी थांबत नाही, तेव्हा पॅड तापून पकड गेलेली असते. पॅडल मऊ पडून खाली जातं, तेव्हा बहुधा ब्रेक ऑईल उकळलेलं असतं. हे ऑईल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ हा ऑईलचा एक दर्जा; ते नवं असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरल्यावर ही मर्यादा १४० वर येते. डॉट ४ ची २३० वरून १५५ वर. डिस्कवर हजारो रुपये घालून ऑईल चार वर्षं तेच ठेवणारे लोक मी पाहतो, तेव्हा हसावं की रडावं कळत नाही. दर दोन वर्षांनी ऑईल बदला, आणि ज्या गिअरने घाट चढता त्याच गिअरने उतरा. इंजिनाला काम करू द्या.

सिरॅमिक पॅड वाईट नाहीत. आवाज कमी, रिमवर काळी भुकटी कमी. पण सुपरकारच्या कार्बन-सिरॅमिक डिस्कशी त्यांचा संबंध फक्त नावापुरता. बऱ्याच पॅडवर कडेला दोन इंग्रजी अक्षरं छापलेली असतात: पहिलं थंड पकडीचं, दुसरं तापल्यावरच्या पकडीचं. अक्षर घर्षणांक सांगतं, तो जास्त तर पकड जास्त: ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५. एफएफ घेतला तर घाटालाही बरा. पहिलं एफ आणि दुसरं ई असेल तर तापल्यावर पकड ढिली होते, म्हणून डब्यावरच्या नावापेक्षा ही अक्षरं वाचा.

प्रत्येक वेळी डिस्क बदलायचीही गरज नाही. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते, मायक्रोमीटर लावा. जाडी शिल्लक असेल, चीर नसेल, तर एमआयडीसीतल्या लेथवर हलका हात मारूनही चालते, फक्त त्यानंतरचं माप किमान जाडीच्या वर राहिलं पाहिजे. बदलायचीच झाली तर पुढच्या दोन्ही एकदम बदला. आणि नवे पॅड टाकून थेट घाटात जाऊ नका. मोकळ्या सपाट रस्त्यावर ६० वरून १५-२० पर्यंत आठ-दहा वेळा बेताने ब्रेक मारा, मध्ये पूर्ण थांबू नका, मग ब्रेक न लावता थोडं चालवून डिस्क निवू द्या.