ताई, गूळ पाठव. पण मास्क काढायला सांगू नकोस

शनिवारी रात्री लालबागहून ताईचा फोन. भाचा दोन महिन्यांपूर्वी चंद्रपूरकडे भूमिगत कोळसा खाणीत लागलाय. तिच्या सोसायटीच्या ग्रुपवर 'खाणीच्या धुळीला घाबरू नका, गूळ खाल्ला की छाती साफ होते' असा लांबलचक मेसेज आला. तो वाचून तिने पोराला कळवलं, मास्कने जीव घुसमटत असेल तर काढत जा, पाच किलो गूळ पाठवलाय. रविवारी तोच मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवर तीनदा आला. आता बोलणं भाग आहे.

मेसेज म्हणतो, स्फोट मिथेनचा, म्हणजे कोळशातून निघणाऱ्या ज्वलनशील वायूचा होतो, धुळीचा होतच नाही. कारण एका घनमीटर हवेत साधारण 50 ग्रॅम धूळ असल्याशिवाय ती पेटत नाही, आणि तेवढ्या धुळीत माणूस उभाच राहू शकणार नाही. आकडा बरोबर आहे, नाइलाजाने मान्य. पण ती धूळ आधीपासून हवेत कशाला हवी? ती जमिनीवर, भिंतींवर, तुळयांवर बसलेली असते. कागदाएवढा पातळ थर पुरतो. कुठेतरी मिथेनचा लहानसा भडका उडतो, त्याचा धक्का ज्वाळेच्या पुढे धावतो, बसलेली धूळ उठवतो आणि मागून येणारी ज्वाळा ती पेटवते. मग पुढचा धक्का आणखी मोठा, पुढची धूळ आणखी जास्त.

उत्तर फ्रान्समधल्या कुरिएरच्या खाणीत 10 मार्च 1906 रोजी धुळीनेच घात केला; पहिली ठिणगी कुठली, हे नक्की कळलं नाही. तिथे मिथेन फारसा नाही म्हणून उघड्या ज्योतीचे दिवे चालायचे. 1099 माणसं मेली. धुळीचा स्फोट होत नाही म्हणणाऱ्याने आधी या खाणीचं सांगावं.

'खाणीत पांढरी भुकटी मारून उलट धूळच वाढवतात, पाणी मारलं की पुरे' हे तर हद्द झालं. ती चुनखडीची भुकटी असते. कोळशाच्या धुळीबरोबर उडते आणि ज्वाळेची उष्णता शोषून घेते. पाण्याने धूळ दबते, खरंय. वाळली की पुन्हा उडते.

राहिला गूळ. 1994 साली लखनौच्या संशोधकांनी उंदरांवर प्रयोग केला. गूळ दिलेल्या उंदरांच्या फुफ्फुसांतले कण जवळच्या लसीकाग्रंथींकडे (शरीरातला कचरा गाळणाऱ्या गाठींकडे) जास्त सरकलेले दिसले. कोळशाने झालेली इजाही कमी दिसली. पण ते उंदीर, आणि तेही मास्क न लावलेले! आमचे आजोबा गिरणीतून आले की गुळाचा खडा तोंडात टाकायचे. कापसाच्या धुळीचा खोकला शेवटपर्यंत सोबत होता.

'हवा स्वच्छ दिसते' म्हणे. फुफ्फुसात खोलवर जाणारे कण दिसतच नाहीत. आपल्याकडे कोळसा खाणीत श्वासातून जाणाऱ्या धुळीची मर्यादा आठ तासांच्या सरासरीने घनमीटरमागे 2 मिलिग्रॅम आहे, म्हणजे स्फोटाला लागणाऱ्या धुळीचा पंचवीस हजारावा भाग. स्फोटाच्या जवळपासही नसलेली धूळ वर्षानुवर्षं छाती पोखरते ती अशी.

भाच्याचा आत्ताच मेसेज आला: 'मामा, गूळ पोचला. खोलीतल्या पोरांनी दोन दिवसांत संपवला. मास्क लावतोय, नाहीतर ओव्हरमन (पाळीचा देखरेख करणारा) ओरडतो. आईला सांग.'