नाव सांगा ना, ‘ओळख पाहू’ कशाला?

लग्न असो, हळदीकुंकू असो, अगदी कुणाच्या दहाव्याला घाटावर गेलं तरी कोणीतरी पुढ्यात येऊन उभं राहतं, हात धरतं आणि विचारतं, “ओळखलंस का मला?” नाही म्हटलं की नाव सांगून मोकळं व्हावं ना? छे! “असं कसं? ओळख पाहू! आठव, आठव!” हात काही सुटत नाही. आजूबाजूच्या चार बायका गंमत बघायला थांबतात. भेटायला आलात की तोंडी परीक्षा घ्यायला?

मला चेहरे ओळखता येत नाहीत. लहानपणापासून. डोळे उत्तम आहेत, स्मरणशक्तीही उत्तम आहे. तुमच्या मुलीला दहावीला किती टक्के पडले, तुमच्या सासूबाईंचा कुठला गुडघा बदलला, सगळं पाठ असतं. समोरच्याचं नाक दिसतं, डोळे दिसतात, हसतोय की चिडलाय तेही कळतं. पण ‘ही अमुक’ हे चेहऱ्यावरून येत नाही. माणसाचा मेंदू चेहरा नाक-डोळे-हनुवटी असा सुटा सुटा वाचत नाही, एकदम अख्खा उचलतो. म्हणून तर ओळखीच्या माणसाचा फोटो उलटा धरला की भल्याभल्यांना ओळखायला जड जातं. १९६९ साली रॉबर्ट यिन यांनी हे प्रयोगाने दाखवलं. ते अख्खं उचलणंच माझ्याकडे नीट होत नाही.

याला प्रोसोपॅग्नोशिया म्हणतात. योआखिम बोडामर या जर्मन डॉक्टरांनी १९४७ साली हे नाव दिलं. त्यांचा एक पेशंट २४ वर्षांचा होता, डोक्याला गोळी लागलेली. त्यानंतर त्याला मित्र ओळखू येईनात, घरचे येईनात, आरशातला स्वतःचा चेहराही येईना. आवाजावरून, चालीवरून मात्र माणसं बरोबर कळायची. पुढे लक्षात आलं की काही इजा न होताही हे जन्मापासून असू शकतं, आणि बऱ्याचदा एकाच घरातल्या अनेकांना असतं. निकष किती कडक लावता त्यावर आकडा बदलतो, पण साधारण शंभरात एक ते दोन माणसं अशी असावीत असा अंदाज आहे. २०११च्या जनगणनेत नाशिक शहर जवळपास १५ लाखांचं होतं. हिशेब करा. पंधरा ते तीस हजार माणसं या एका गावात अशी फिरतायत, आणि तुम्ही त्यांना काय म्हणता? शिष्ट. माजलेली. “गंगापूर रोडला फ्लॅट घेतला आणि ओळख विसरली.” हे माझ्याबद्दल माझ्या सख्ख्या मामेसासूबाई बोलल्या आहेत.

का? तर भाच्याच्या लग्नात मी त्यांच्या समोरून गेले आणि हसले नाही. अहो, मी तुम्हाला ओळखते कशावरून? बोलण्यावरून, किंचित डावीकडे झुकत चालण्यावरून, करड्या अंबाड्यावरून, त्या तपकिरी पर्सवरून. त्या दिवशी लॉन्सवर काय होतं? केस काळे केलेले, अंबाड्यावर गजरा, पर्स घरी, अंगावर जांभळी पैठणी, नाकात नथ. तशाच जांभळ्या पैठण्या आणि नथी अजून डझनभर बायकांच्या अंगावर. चाल दिसायला तुम्ही खुर्चीतून उठलेल्या नाहीत, आवाज यायला बँडवाला थांबलेला नाही. तुम्हाला ओळखायच्या माझ्या सगळ्या खुणा तुम्ही घरी ठेवून आलात, आणि रुसलात वर!

स्कार्फवाल्यांचं तर विचारूच नका. अशोकस्तंभाला सिग्नलला उभी असते, शेजारी ॲक्टिवा येते. वर डोक्यापासून गळ्यापर्यंत गुंडाळलेला स्कार्फ, गॉगल, कोपरापर्यंत हातमोजे. हॉर्न वाजवते, हात करते. मी बघत राहते. रात्री मेसेज येतो, “काय गं, भाव खातेस?” आता या बाईला तिच्या आईने तरी ओळखलं असतं का? पण तेव्हा माझ्या मेंदूत काहीतरी फरक असेल हे कुणाच्या डोक्यात येत नाही, माझा स्वभावच काढतात.

आणि सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते “मी एकदा पाहिलेला चेहरा आयुष्यात विसरत नाही” म्हणणाऱ्यांमुळे. तुम्हीही अनोळखी चेहऱ्यांत कच्चेच आहात! रॉब जेन्किन्स आणि सहकाऱ्यांनी २०११ साली लोकांना ४० फोटो दिले आणि सांगितलं, एका माणसाचे फोटो एका गठ्ठ्यात लावा. फोटो होते फक्त दोन डच बायकांचे, प्रत्येकीचे २०. ज्यांना त्या बायका माहीत नव्हत्या त्या ब्रिटिश लोकांनी साधारण सात-आठ गठ्ठे केले. त्यांना ओळखणाऱ्या डच लोकांनी मात्र बहुतेक दोनच लावले. ऑस्ट्रेलियात पासपोर्ट ऑफिसातल्या लोकांची परीक्षा घेतली, २०१४ साली प्रसिद्ध झाली ती. समोर एक माणूस आणि फोटो दुसऱ्याचा, तर शंभरात चौदा वेळा त्यांनी तो चालवून घेतला. रोजचं काम हेच करणारी माणसं ती! तुमची हुशारी ओळखीच्या माणसांपुरती आहे, आणि तीही तुम्ही कमावलेली नाही, मेंदूने फुकट दिली आहे. ऑलिव्हर सॅक्स, अख्खं आयुष्य लोकांचे मेंदू तपासलेले डॉक्टर, त्यांनाही चेहरे ओळखता येत नव्हते. ते पण माजलेलेच का?

मी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे सगळं नीट लिहिलं. भेटलात की आधी नाव सांगा, एवढंच मागितलं. दहा-बारा जणांनी अंगठा दाखवला, आणि एका आतेबहिणीने लिहिलं, “मला तरी ओळखशीलच ना?” दिवाळीला आली ती मागून येऊन डोळे झाकून उभी. “ओळख कोण!”

माझं मी निभावून नेते, इतकी वर्षं नेलंच आहे. पण आता माझ्या मुलाचं सुरू झालंय. तिसरीत आहे. शाळा सुटल्यावर गेटवर मी ओढणी हलवून हाक मारेपर्यंत तो पुढे येत नाही. वर्गात सगळे एकाच गणवेशात, सगळ्यांचे केस बारीक कापलेले. शेजारच्या बाकावरच्या मित्राची जागा बदलली की हा त्याच्याशी बोलायचा थांबतो. त्यालाही माझ्यासारखंच आहे याबद्दल मला शंका उरलेली नाही. डोळे तपासायचं शिबिर शाळेत होतं, दात तपासतात, हे कोणी तपासत नाही. मागच्या आठवड्यात त्याच्या बाई भाजीबाजारात भेटल्या, जीन्स-कुर्त्यात, केस मोकळे. याने गुड इव्हिनिंग म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी बाईंनी त्याला उभं केलं आणि अख्ख्या वर्गाला सांगितलं, “याला शिष्टपणा फार आलाय.” पोरगं घरी येऊन मला विचारतंय, आई, मी काय केलं?

सोमवारी मी शाळेत जाणार आहे. बाईंना समजावून सांगेन, हवे ते कागद दाखवेन. त्याच्याशी बोलताना मुलांनी आधी आपलं नाव सांगावं, आणि जागा बदलली की कोण कुठे बसलंय ते त्याला सांगावं, एवढं करून घेईन. आणि तो शब्द त्यांनी सगळ्या वर्गासमोर वापरला होता, तेव्हा मागेही सगळ्या वर्गासमोरच घ्यायचा. त्याशिवाय मी तिथून हलणार नाही.